कानात सांगितलेले भाव

मेसोलिमानी, १२ फेब्रुवारी २०२२

झिसिस,

काल सकाळी सहाला लिलावघरात भाव दाखवणारी नवी इलेक्ट्रॉनिक पाटी सुरू झाली आणि सहा वाजून दहा मिनिटांनी ती फुटली. व्रेत्तोसचा ट्रक चालवणारा तो जाडा आला. हातात चाकाचे नट काढायची दांडी होती. त्याने ती पाटीच्या मधोमध घातली. काचा तारलीच्या पेट्यांत पडल्या, दोनशे किलो मासळी फेकून द्यावी लागली. मग दांडी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "हात घसरला." आत चाळीस माणसं होती, एकही हललं नाही. वजनकाट्यावरचा आनेस्तिस तेवढा पुढे गेला, तर त्याच्या पोटात गुडघा बसला.

तुला हे कुणीतरी सांगेलच, आणि वेगळं सांगेल, म्हणून मीच लिहिते. हो, हे काम मी घेतलं आहे. कोळ्यांच्या सहकारी संस्थेने मला थेस्सालोनिकीहून बोलावून घेतलं. आता पेटी काट्यावर ठेवली की वजन आपोआप पाटीवर जातं आणि व्यापाऱ्यांच्या फोनवरही. कोण किती बोली लावतो ते सगळ्यांना दिसतं, होडीवाल्यालाही दिसतं. पूर्वीसारखं एकेकाने येऊन लिलावदाराच्या कानात भाव सांगायचा आणि लिलावदाराने फक्त जिंकणाऱ्याचं नाव पुकारायचं, हे बंद.

तो कान अकरा वर्षं तुझा होता, हे मला माहीत आहे. तुझी जागा कुणी घेत नाहीये. तुला आत जाऊन दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून सगळ्यात जास्त मासळी घेणाऱ्या व्रेत्तोसचाच माणूस तिथे उभा राहायचा.

माझं काम आकड्यांचं. कुठल्या मोसमात कुठली मासळी किती येते, बर्फ किती लागेल, कुठे पाठवली तर चांगला भाव येईल, ते काढून द्यायचं. त्यासाठी जुन्या लिलावाच्या चिठ्ठ्या लागतात. संस्थेने त्या गोण्यांत भरून ठेवल्यात, बर्फकारखान्याच्या माडीवर. आनेस्तिस वाचून दाखवतो, मी टाइप करते.

बाबा बरे आहेत. बोलत नाहीत, पण जेवतात.

पेलायिया


तुरुंग, २७ फेब्रुवारी २०२२

कॉम्प्युटरवाल्या बाईसाहेबांस,

पत्र पोचलं. आधी इथली बातमी. मंगळवारी जेवणाच्या रांगेत एका बल्गेरियनने दुसऱ्याच्या तोंडावर उकळतं सूप ओतलं. कारण काय, तर त्याने पाव दोनदा घेतला. मी माझा पाव खात बसलो. इथे दुसऱ्याच्या भांडणाकडे बघायचं नाही, हे पहिल्या आठवड्यात शिकलो.

आता तुझ्या पाटीचं. पोरी, कानात भाव का सांगतात ते तुला कळलेलंच नाही. समोरच्याची बोली ऐकू आली की माणूस चढाओढ करतो, हट्टाला पेटतो, आणि सकाळी सहाला चाकू निघतात. कानात सांगितलं की भांडण होत नाही. आपल्या पणजोबांपासून असंच चाललंय. तुझ्या यंत्राला माणसाच्या तोंडाचा वास येतो का? मला यायचा. कोण रात्रभर प्यायलाय, कोण घाबरलाय, कोण खोटं बोलतोय, सगळं कानापाशी कळायचं.

आणि ज्याच्यामुळे मी आत आलो त्या थ्रासिवुलोसचं म्हणशील तर ते भांडण लिलावाचं नव्हतं, अब्रूचं होतं. कावालाचा तो व्यापारी भर बाजारात ओरडला की मी भाव चोरतो, माझ्या बापाचेसुद्धा. बाबा तिथेच उभे होते. हातात मासळी ओढायचा आकडा होता, तो लागला. त्याचा डोळा गेला याचं वाईट वाटतं, पण आकडा उचलला याचं वाटत नाही. कोर्टातही हेच सांगितलं.

व्रेत्तोसला तू ओळखत नाहीस. माझ्या वकिलाची फी तोच भरतो. नाताळात सगळ्या बराकीला पुरेल एवढं डुकराचं मटण त्याने पाठवलं. त्याच्या माणसाचा हात घसरला असेल तर समजून घे आणि थेस्सालोनिकीला परत जा.

तो आनेस्तिस कोण? तुझ्या पत्रात दोनदा आला.

झिसिस


मेसोलिमानी, ३ मे २०२२

झिसिस,

उत्तराला उशीर झाला. ईस्टर होऊन गेला. तुझ्यासाठी मेणबत्ती लावली.

भाव वाढले. खोटं वाटेल, पण बारबुनी मासळी आता कावालाच्या बाजारापेक्षा किंचित जास्त भावाने जाते, कारण अथेन्समधल्या खानावळी सकाळी अंथरुणातूनच बोली लावतात. माव्रिदिसच्या पोरांनी बापाची होडी पुन्हा रंगवली. बर्फकारखाना दोन पाळ्यांत चालतो. आठ वर्षांनी धक्क्यावर कुणी नवं जाळं विकत घेतलेलं पाहिलं. सगळंच गोड आहे असं नाही. आपल्या गावच्या खानावळीत आता बारबुनी मिळत नाही, त्यांना परवडत नाही. खानावळवाली कीरा सोफिया मला रस्त्यात थांबवून म्हणाली, तुझ्या फोनमुळे माझ्या चुलीवर फक्त बांगडे राहिले.

मार्चमध्ये संस्थेच्या ट्रकच्या काचा फोडल्या. एप्रिलमध्ये आनेस्तिसला पेट्रोल पंपावर गाठून मारलं, दोन बरगड्या मोडल्या. तो पट्टा बांधून चौथ्या दिवशी काट्यावर आला. माझ्या दारात एकदा मेलेला कुत्रा टाकला होता. बाबांनीच तो उचलून पुरला, मला उठवलं नाही. सकाळी त्यांच्या नखांतली माती बघून कळलं.

बाबा रोज लिलावघरात येऊन खांबापाशी उभे राहतात. होडी नाही, मासळी नाही, तरी येतात. २०१५च्या शेवटी मासेमारी सोडण्याची सरकारी भरपाई घेऊन त्यांनी 'दोम्ना' होडी फोडायला दिली, त्या दिवशी तू कामावर होतास, मी शहरात होते. मला माव्रिदिसने आत्ता सांगितलं. सरकारी यंत्राचा पंजा आईचं नाव लिहिलेल्या बाजूवर आधी पडला, तेव्हा बाबा म्हणाले, जरा थांबा. यंत्रवाला थांबला. बाबांनी टोपी काढली आणि म्हणाले, चालू द्या.

चिठ्ठ्यांची सहा वर्षं टाइप झाली. त्यात काहीतरी दिसतंय. नक्की झालं की लिहीन.

आनेस्तिस वजनकाट्यावर असतो. सांगितलं ना.

पेलायिया


तुरुंग, १५ मे २०२२

पेलायिया,

कुत्र्याचं वाचून दोन रात्री झोप नाही. हे व्रेत्तोसचं काम नव्हे. त्याच्या नावावर खपवणारी बारकी पोरं आहेत.

वकील आला होता. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं, चांगला तापलो होतो. त्याने निरोप नेला आणि आठ दिवसांत उत्तर आणलं. व्रेत्तोसला समेट हवाय. तो म्हणतो, झिसिसची बहीण ती माझी बहीण. तुझ्यावर लक्ष ठेवायला तो दोन चांगली माणसं ठेवणार आहे, तुला कळणारही नाही अशी. त्यांना एवढंच माहीत हवं की तू माडीवर कधी असतेस, कधी निघतेस, सोबत कोण असतं, आणि त्या चिठ्ठ्या कुठे ठेवतेस, म्हणजे रात्री तिथेही कुणी राखण करेल.

मला लगेच कळव. आणि हट्टीपणा करू नकोस. इथे चार भिंतींत बसून मला तुझ्यासाठी एवढंच करता येतं.

झिसिस


मेसोलिमानी, २४ मे २०२२

झिसिस,

तुझं पत्र वाचून रडू आलं. लहानपणी मला शाळेतून आणायला यायचास, तो झिसिस किती दिवसांनी बोलला.

ऐक. रोज सकाळी सहा ते दहा मी लिलावघरात असते, तिथे गर्दी असते. शनिवारी लिलाव संपला की आनेस्तिस आणि मी माडीवर चिठ्ठ्या करतो. तीनपर्यंत आम्ही दोघंच असतो. कारखान्याचे लोक दुपारी, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, घरी जातात. गोण्या आणि कॉम्प्युटर दोन्ही तिथेच. माडीला कुलूप आहे, पण दार जुनं आहे, म्हणून खरंच कुणी राखणीला असेल तर बरं.

दहा वर्षांच्या चिठ्ठ्या टाइप झाल्या, शेवटची गोणी उरली. हे संपलं की तुला भेटायला येते. काही गोष्टी पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत.

तुझी पेलायिया


तुरुंग, २० जून २०२२

पेलायिया,

इथल्या टीव्हीवर मेसोलिमानीचं नाव आलं. बर्फकारखाना जळला, एक माणूस मेला, एवढंच दाखवलं. वकील येत नाही. फोनच्या रांगेत तीनदा उभा राहिलो, तुझा फोन बंद. बाबा उचलत नाहीत.

दोन ओळी लिही. नुसतं नाव लिही.

झिसिस


मेसोलिमानी, ९ ऑगस्ट २०२२

झिसिस,

हे डाव्या हाताने लिहिते आहे. तीन दिवस लागले. वाचता येईल तेवढं वाच.

४ जून, शनिवार, दुपारी दीड. तिघं आले. दार एका लाथेत गेलं. आनेस्तिस मला २०१९ची चिठ्ठी वाचून दाखवत होता. तो उठून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तिला जाऊ द्या, मग बोलू." त्यांनी लोखंडी नळी डोक्यात घातली. तो जिन्यावर पडला. पडल्यावरही मारत होते, सावकाश, गाद्या झोडपतात तसे. एकजण घाई करायला लागला, तर दुसरा म्हणाला, "तीनपर्यंत दोघंच असतात." माझंच वाक्य, झिसिस. मी ते फक्त तुला लिहिलं होतं.

मग माझा उजवा हात टेबलावर धरला. बर्फ फोडायचा हातोडा तिथेच होता. "याच हाताने टाइप करते ना?" असं विचारलं आणि मी उत्तर देईपर्यंत थांबले. चार बोटं मोडली. त्यातली दोन जोडून शिवलीत, ती वळत नाहीत. गोण्यांवर पेट्रोल ओतलं, काडी लावली, गेले.

एकोणीस पायऱ्या. एका हाताने त्याला ओढत खाली आणलं. तो बर्फाच्या लाद्यांवर मेला. मी त्याचं डोकं धरलं होतं आणि खालचा बर्फ लाल होत होता. रुग्णवाहिका आली तेव्हा पावणेतीन वाजले होते.

आता तुझ्यापासून लपवलेलं सांगते. आनेस्तिस थ्रासिवुलोसचा धाकटा भाऊ. ज्याचा तू डोळा काढलास, त्याचा. ऑगस्टमध्ये आमचं लग्न होणार होतं. तुला भेटायला येऊन तेच सांगणार होते.

दुसरं. चिठ्ठ्यांची नक्कल होती. टाइप केलेलं सगळं मी दर आठवड्याला थेस्सालोनिकीला पाठवत होते. हे तुला लिहिलं नाही, कारण तुझ्यावर पूर्ण विश्वास नव्हता. लिहिलं असतं तर त्यांना जाळण्यासारखं काही उरलं नसतं आणि ते आले नसते. यावर रोज विचार करते.

तिसरं, चिठ्ठ्यांत काय दिसलं ते. प्रत्येक दिवसाचा आपला भाव कावालाच्या त्याच दिवसाच्या भावाशी ताडून पाहिला. इतर व्यापारी घेतात तेव्हा आपला भाव कधी वर, कधी खाली. व्रेत्तोस घेतो तेव्हा नेहमी खाली. अकरा वर्षं, एकही दिवस चुकलेला नाही. होड्यांप्रमाणे लावलं तर सगळ्यात कमी भाव एका होडीला. 'दोम्ना'. पहिल्यांदा वाटलं टाइप करताना चूक झाली. पुन्हा केलं. मग कळलं. बाकीचे कुरकुर करायचे, म्हणून त्यांना थोडं सोडावं लागायचं. बाबा कधी कुरकुरले नाहीत, कारण कान त्यांच्या मुलाचा होता.

थ्रासिवुलोस खरं बोलत होता.

पेलायिया


तुरुंग, ३० सप्टेंबर २०२२

पेलायिया,

पंचवीस दिवस एकांतकोठडीत होतो, म्हणून उशीर. व्रेत्तोसचा चुलतभाऊ आमच्या बराकीत आहे. तुझं पत्र आलं त्या दुपारी मी स्टुलाचा पाय काढला आणि त्याच्या तोंडावर मारत राहिलो. चार पहारेकऱ्यांनी ओढलं. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, नळीने जेवतो. शिक्षा वाढेल, वाढू दे. इथून सुटलो की व्रेत्तोसला त्याच बर्फावर झोपवीन.

तुझं वाक्य मीच वकिलाला दिलं. तू लिहिलेलं पानच दिलं. राखणीसाठी म्हणून दिलं, आईशपथ. पण माझ्या शपथेला आता कोण विचारतं.

चिठ्ठ्यांत दिसलं ते खरं आहे. पहिल्या वर्षी, काम लागून दोन महिने झाले होते, व्रेत्तोसने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "आज तो कावालावाला काय बोलला ते तू नीट ऐकलं नाहीस." मी म्हणालो, नाही ऐकलं, आणि मासळी व्रेत्तोसच्या नावावर पुकारली. बस, एवढंच. पुढे त्याला म्हणावंही लागलं नाही. बाबांच्या मासळीची पहिली वेळ आठवते. वाटलं, आज एकदाच, घरचंच तर आहे, उद्या भरून काढू. थ्रासिवुलोस ओरडला तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळायच्या आत त्याचं तोंड बंद करायचं होतं. अब्रूचं लिहिलं ते खोटं होतं.

माझ्याकडे हात आहेत, पेलायिया, दोन्ही धड आहेत. कुणाचं काय मोडायचं ते सांग.

झिसिस


मेसोलिमानी, ११ ऑक्टोबर २०२२

झिसिस,

मला कुणाचा जबडा नको. तुझे हात तर अजिबात नकोत.

लिलाव आगीनंतरच्याच सोमवारी सुरू झाला, धक्क्यावर, उघड्यावर. कोळी दोन्ही बाजूंना भाले घेऊन उभे होते. नंतर एकदा व्रेत्तोसची माणसं आली, माव्रिदिसच्या थोरल्याच्या मांडीत चाकू गेला, आणि मग कोळ्यांनी दोघांना इतकं मारलं की मीच मध्ये पडले. आता कुणी येत नाही. वजनकाट्यावर थ्रासिवुलोस बसतो. कावाला सोडून तो भावाच्या जागी आला. एका डोळ्याने काटा वाचतो. माझ्याशी फारसं बोलत नाही, सकाळी कॉफी मात्र आणून ठेवतो. या वर्षी नऊ होड्या वाढल्या, दोन पोरं जर्मनीहून परत आली. हे आकडे मी डाव्या हाताने भरले.

आता नीट वाच. सरकारी वकील म्हणतात, माझ्या तक्त्यावरून संशय सिद्ध होतो, गुन्हा नाही. चिठ्ठीवर फक्त जिंकलेला भाव असतो. हरलेला भाव कुठेच लिहिलेला नाही, कारण तो कानात सांगितलेला होता. कावालावाले काय बोलले, इतर कोण काय बोलले, हे कुठल्याही यंत्रात नाही. ते तुझ्या डोक्यात आहे. तुला शाळेतले पाढे येत नव्हते, पण दहा वर्षांपूर्वीची बोली तू जेवताना सांगायचास. आणि पान कुणाला दिलंस, कुठल्या दिवशी दिलंस, तेही फक्त तुलाच माहीत आहे.

मारामारी तर कुणीही करेल. तू तोंड उघड.

पेलायिया


कारागृह रुग्णालय, १७ ऑक्टोबर २०२३

पेलायिया,

तू कोर्टात होतीस, तेव्हा साक्षीचं लिहीत नाही. चार दिवस बोललो. तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस, ते बरं केलंस, नाहीतर जमलं नसतं. व्रेत्तोसला जन्मठेप झाली त्या दिवशी इथे कुणी टाळी वाजवली नाही. नवव्या दिवशी न्हाणीघरात दोघांनी धरलं आणि तिसऱ्याने घासून टोकदार केलेला चमचा पाठीत तीनदा घातला. एक मूत्रपिंड काढलं. साबणाच्या पाण्यात पडलो होतो तेव्हा तुझ्या एकोणीस पायऱ्या आठवल्या. मला कुणी ओढलं नाही, मीच दारापर्यंत सरपटलो. आता दुसऱ्या तुरुंगाच्या रुग्णालयात आहे, वेगळ्या खोलीत. मला सहा वर्षं वाढली. त्याबद्दल तक्रार नाही.

लिहितोय ते बाबांसाठी. गेल्या गुरुवारी पहारेकरी म्हणाला, भेटायला माणूस आलाय. चार वर्षांत बाबा एकदाही आले नव्हते. त्यांनी चांगला कोट घातला होता. काचेच्या पलीकडे बसले आणि फोन कानाला लावला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

मग खिशातून कागद काढले. तूच छापून दिलेस म्हणाले, 'दोम्ना'च्या सगळ्या चिठ्ठ्या. चष्मा लावला, पेन्सिल काढली.

"तीन मार्च दोन हजार आठ," ते म्हणाले. "बारबुनी, चौदा किलो. कावालावाला काय बोलला होता?"

मी सांगितलं. त्यांनी चिठ्ठीच्या भावापुढे तो आकडा लिहिला.

"पाच मार्च. तारली, साठ किलो."

ते सांगितलं. पुढचं विचारलं. एका ठिकाणी अडखळलो आणि काहीतरी आकडा बोललो. त्यांनी पेन्सिल थांबवली.

"आठवत नसेल तर नाही म्हण. अंदाज सांगू नकोस."

"नाही आठवत," मी म्हणालो. तिथे त्यांनी एक रेघ मारली.

दोन तास असं चाललं. ओरडले नाहीत, मान हलवली नाही. एकदाच थांबले, मे महिन्यातल्या एका दिवशी. म्हणाले, त्या दिवशी तुझ्या आईच्या औषधासाठी होडीवरचं इंजिन विकलं होतं. मग पुढची तारीख वाचली. माझे टाके दुखत होते. पहारेकऱ्याने वेळ संपली म्हणून दोनदा सांगितलं.

बाबांनी कागद घडी घालून खिशात ठेवले, चष्मा ठेवला. फोन ठेवता ठेवता पुन्हा कानाला लावला.

"दोन हजार नऊ संपलं," ते म्हणाले. "अजून सहा वर्षं आहेत. गुरुवारी येतो."

झिसिस